कष्टकरी कुटुंबाचं घरातलं पोर्ट्रेट: पहिल्या भेटीपासून प्रिंट हाती देईपर्यंत

कष्टकरी माणसाचे कामावरचे फोटो भरपूर निघतात. यंत्रापाशी उभा असलेला, डोक्यावर ओझं घेतलेला, घामाने निथळणारा. तोच माणूस घरी आल्यावर कुठे बसतो, पाय कुठे पसरतो, कोणाशी बोलतो आणि घरात आल्यावर कोणाची दुसरी पाळी सुरू होते, हे क्वचितच दिसतं. जे दिसतं त्यातलं बरंचसं गरिबीचं चित्र असतं: पोपडे आलेली भिंत, शून्यात बघणारं मूल, काळवंडलेला कोपरा. हा लेख वेगळ्या फोटोसाठी आहे. घर ही त्या कुटुंबाने आपल्या कमाईतून, आपल्या आवडीने आणि सोयीने उभी केलेली जागा आहे. तिथल्या प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी कामाचे तास आहेत. ते फोटोत उतरवायचं, आणि ज्यांचा फोटो आहे त्यांना तो आपल्या भिंतीवर लावावासा वाटला पाहिजे, एवढं ध्येय धरून चालू.

आधी वेळापत्रक समजून घ्या

कॅमेरा, लेन्स, उजेड हे सगळं नंतरचं. अशा घरात सगळ्यात कमी असतो तो वेळ. एकजण पहाटे निघतो, दुसरी रात्रपाळीहून सकाळी परतते, मुलं मधल्या वेळात एकटी असतात. तुम्ही रविवारी सकाळी दहा वाजता 'सगळे घरी असतील' म्हणून गेलात, तर नेमकी त्यांची आठवड्याची झोप मोडाल.

पहिल्या भेटीला कॅमेरा पिशवीतून काढू नका. मोबाइलही खिशातच राहू द्या. घरातल्या प्रत्येकाचा दिवस विचारा: कोण किती वाजता उठतं, कोण कधी परततं, पगार रोजचा, आठवड्याचा की महिन्याचा, सुट्टीचा दिवस कोणता, एक दिवस खाडा झाला तर काय होतं. रोजंदारीवरच्या माणसाला तुमच्या फोटोसाठी अर्धा दिवस थांबायला सांगणं म्हणजे त्याच्या मजुरीत हात घालणं. घरून काम करणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. शिलाई, निवड, पॅकिंग, जोडणी असलं काम नगावर असतं, आणि गप्पा मारल्या की नग कमी होतात. त्या बाईला हात चालू ठेवून बोलू द्या. तुम्हीच बाजूला बसा.

या बोलण्यातूनच फोटोंची यादी तयार होते. सकाळी तासभर सगळं घर एकत्र असतं असं कळलं, तर एकत्र कुटुंबाचा फोटो तेव्हाच. संध्याकाळी बाप परतल्यावर आधी पाय धुतो आणि मग धाकटीला मांडीवर घेतो असं कळलं, तर त्या वेळी कुठे उभं राहायचं हे आधीच ठरवता येतं. वहीत घराचा साधा नकाशा काढा: दार, खिडक्या, खिडकीची दिशा, बल्ब, आरसा, झोपायची जागा, कामाची जागा. कोणत्या वेळी ऊन कुठवर येतं ते घरच्यांना विचारा. वाळत घातलेले कपडे रोज सरकवणाऱ्या माणसाला ते नेमकं ठाऊक असतं.

होकार कोणाचा आणि कशासाठी

अमेरिकेत वार्ताहर जेकब रीस याने १८८० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या कोंदट चाळवजा इमारतींत रात्री शिरून फ्लॅश पावडर पेटवून फोटो काढले. झोपलेल्या, दचकलेल्या माणसांचे ते फोटो आहेत. एकदा त्या पावडरीने घरालाच आग लागली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या फोटोंनी घरांच्या सुधारणेला बळ दिलं हे खरं. तरीही चेहऱ्यांवरची ती दचक फोटोतून जात नाही, आणि अशा पद्धतीचं मी आज समर्थन करणार नाही.

होकाराचे थर असतात. घरात येऊ देणं हा एक होकार. कॅमेरा काढू देणं हा दुसरा. फोटो परक्या लोकांना दाखवू देणं हा तिसरा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. शिवाय घरातल्या कर्त्याने मान डोलावली म्हणजे सगळ्यांनी डोलावली असं होत नाही. सुनेला, सासूला, वयात येणाऱ्या मुलीला वेगवेगळं आणि शक्य झालं तर एकटीला गाठून विचारा. लहान मुलांसाठी पालकांची परवानगी लागतेच, पण मूल पाठ फिरवतंय, तोंड लपवतंय, तर त्याचा नकार झालेला असतो.

विचारताना 'एका प्रकल्पासाठी' असं मोघम बोलू नका. प्रदर्शनात मोठा करून लावणार का, इंटरनेटवर टाकणार का, छापणार का, विकणार का, नाव देणार का, हे सुटं सुटं सांगा. दुसऱ्या कोणाचे असेच फोटो प्रत्यक्ष दाखवा, म्हणजे 'इंटरनेटवर' याचा अर्थ कळतो: शेजारी, मुकादम, घरमालक, शाळेतली मुलं, कोणीही बघू शकतं. कागदावर सही घ्यायची असेल तर तो कागद त्यांच्या भाषेत आणि एका पानात मावणारा असावा. वाचता येत नसेल तर मजकूर मोठ्याने वाचून त्यांचा होकार आवाजात रेकॉर्ड करा. फोटो मागे घ्यायचा असेल तर कोणत्या तारखेपर्यंत कळवता येईल आणि कोणाला, हे लिहून त्यांच्याकडे ठेवा. छापून झाल्यावर मागे घेता येणार नाही हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगा.

धोके त्यांच्याआधी तुम्ही ओळखायला हवेत. कारखान्याचा गणवेश किंवा ओळखपत्र दिसलं तर नोकरीवर गदा येऊ शकते. घरात ठरल्यापेक्षा जास्त माणसं राहतात हे घरमालकाला दिसू शकतं. कागदपत्रांचा घोळ असलेल्या स्थलांतरिताला तर चेहरा दिसणंही महागात पडतं. अशा वेळी हात, पाठ, सावली, रिकामी खोली असे फोटो घ्या. त्यांनाही वजन असतं.

गॉर्डन पार्क्स यांनी १९६८ साली 'लाइफ' साप्ताहिकासाठी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका मोठ्या गरीब कुटुंबाचे घरातले फोटो काढले. वाचक हेलावले, मदत आली, कुटुंबाला नवं घर मिळालं. त्या नव्या घराला थोड्याच काळात आग लागली आणि त्यात वडील आणि एक मुलगा गेले. यात छायाचित्रकाराचा दोष काढायचा नाही. पण फोटो छापून आल्यावर त्या घरात काय काय घडू शकतं याचा अंदाज कोणालाच पुरता येत नाही, म्हणून 'या फोटोने तुमचं भलं होईल' असं वचन कधीही देऊ नका.

पैशांचं काय? वृत्तछायाचित्रणात फोटोसाठी पैसे देणं बहुतेक ठिकाणी वर्ज्य मानतात, कारण मग पैशांसाठी प्रसंग घडवले जाण्याची भीती असते. दीर्घ काळ चालणाऱ्या स्वतंत्र कामात माझं मत असं: तुमच्यामुळे मजुरी बुडत असेल तर ती आधी ठरवून, सगळ्यांना माहीत करून, भरून द्या. विशिष्ट पोझसाठी किंवा रडण्यासाठी कधीही देऊ नका. फोटो विकला गेलाच तर त्यातला वाटा ठरलेला असावा. प्रिंट मात्र नेहमी फुकट.

सामान कमी, आवाज कमी

एक कॅमेरा, एक लेन्स. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी, एपीएससी या त्याहून लहान सेन्सरवर २३ किंवा २४ मिमी. फुल फ्रेमवर लहान खोलीत ५० मिमीला मागे सरकायला जागा मिळत नाही, आणि २४ मिमीपेक्षा रुंद गेलात तर कडेला बसलेल्या माणसाचं डोकं ताणलं जातं. रुंद लेन्सच वापरावी लागली तर माणसं मध्याकडे घ्या आणि कडेला भिंत, कपाट, पलंग येऊ द्या.

मोबाइलवरही हे काम उत्तम होतं. मुख्य कॅमेरा वापरा, अतिरुंद नको. त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद ठेवा. पोर्ट्रेट मोडही बंद, कारण तो मागची खोली धूसर करतो आणि आपल्या कामात अर्धा फोटो त्या खोलीतच असतो.

ट्रायपॉड दाटीत अडचण करतो. दाराच्या चौकटीला खांदा टेकवा, नाहीतर जमिनीवर बसून कोपर गुडघ्यावर ठेवा.

उजेड: एका खिडकीची खोली

बहुतेक घरांत एक खिडकी, एक दार आणि छताला एक ट्यूब किंवा एलईडी बल्ब असतो. पहिलं काम म्हणजे घरच्यांना विचारून दिवा बंद करून बघणं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी होतो, आणि नंतर संगणकावर ते नीट सुटत नाही. म्हणून दोहोंपैकी एक निवडा. दिवसा खिडकी. संध्याकाळनंतर बल्ब, कारण तेव्हा बाहेरचा उजेड इतका कमी असतो की खिडकी फक्त निळ्या चौकोनासारखी राहते आणि ते चांगलंच दिसतं. कॅमेऱ्यातला पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स) बल्बप्रमाणे लावा. एक पांढरा कागद त्या उजेडात धरून त्याचा फोटो घेऊन ठेवला की नंतर रंग जुळवणं सोपं जातं.

खिडकीबद्दलची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लहान घरांतल्या सगळ्या पोर्ट्रेटची किल्ली तीच आहे. माणूस खिडकीला अगदी चिकटून बसला की चेहऱ्यावर भरपूर उजेड पडतो आणि मागची खोली जवळजवळ काळी होते. तोच माणूस खोलीच्या मध्यावर आला की चेहऱ्यावरचा उजेड कमी होतो, पण चेहरा आणि मागची भिंत यांच्यातला फरकही कमी होतो, आणि घर दिसायला लागतं. एकट्या माणसाचं शांत, गंभीर पोर्ट्रेट हवं तर खिडकीजवळ. घरासकट माणूस हवा तर त्याला आत सरकवा आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा. आयएसओ ३२०० किंवा ६४०० ला घाबरू नका. थोडे दाणे दिसले तर फोटो बिघडत नाही, हात हलून धूसर झाला तर मात्र बिघडतो.

एक उदाहरण जवळून बघू. एक बाई घरी शिलाईचं काम करते. मशीन खिडकीला लावलेलं आहे, कारण तिलाही उजेड हवाच असतो. तुम्ही खोलीच्या आतल्या बाजूने फोटो घेतला तर खिडकी तिच्या मागे येते, कॅमेरा खिडकी बघून एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) कमी करतो आणि ती काळी सावली होते. तुम्ही खिडकीच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलात, तर उजेड तुमच्या खांद्याशेजारून तिच्या गालावर आणि हातांवर तिरका पडतो. सुईजवळची बोटं, तोंडात धरलेला दोरा, मांडीवर साचलेल्या कापडाच्या घड्या, आणि मागे अंधुक दिसणारा पलंग ज्यावर तयार नगांची चळत आहे, हे सगळं एका फ्रेममध्ये येतं. आता एक्स्पोजर तिच्या गालावरून स्पॉट मीटरने, म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या ठिकाणाचाच उजेड मोजणाऱ्या सोयीने, मोजा. मशीनवर वाकलेला चेहरा खालून काळवंडत असेल तर मशीनवरचं पांढरं कापडच थोडं पसरायला सांगा. त्यावरून परतणारा उजेड पुरतो, वेगळा रिफ्लेक्टर लागत नाही.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर डोळे झाकून विसंबू नका. काळोखी खोली दिसली की तो ती उजळ करायला बघतो, फ्रेममध्ये खिडकी आली की उलट. सावळ्या चेहऱ्याचा फोटो काढताना 'उजळ' करण्याचा मोह टाळा. त्वचेवरच्या चकाकीत तपशील शाबूत आहे ना एवढं बघा, आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्या.

एलईडी आणि ट्यूबच्या उजेडात आडवे पट्टे येण्याचा त्रास हमखास होतो. ५० हर्ट्‌झ वीज असलेल्या ठिकाणी असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. ६० हर्ट्‌झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२०. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा उजेडात बंद ठेवा, पट्टे बहुधा त्याच्यामुळेच येतात.

फ्लॅश शेवटचा उपाय. लावलाच तर पांढऱ्या छतावर मारा. छत किंवा भिंत हिरवी-निळी असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो. आणि रात्रपाळीहून आलेलं कोणी शेजारी झोपलेलं असेल तर फ्लॅश नकोच.

पोर्ट्रेट: बसवू नका, विचारा

मिल्टन रोगोविन हा अमेरिकेतल्या बफेलो शहरात चष्म्याचे नंबर काढून देणारा माणूस होता. त्याने तिथल्या कामगारांचे कामाच्या जागी फोटो काढले आणि मग त्याच माणसांचे त्यांच्या घरी. भट्टीपाशी काजळलेला चेहरा आणि शेजारी तोच माणूस आपल्या बैठकीच्या खोलीत, कुटुंबासह. कसं उभं राहायचं, काय घालायचं, कोणाला सोबत घ्यायचं हे तो त्यांच्यावर सोडत असे. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून वरून बघायचा असल्याने फोटो काढताना त्याची मान समोरच्यापुढे झुकलेली असे. पत्नी अ‍ॅन बहुतेक वेळा बरोबर असायची आणि लोकांशी बोलायची. या पद्धतीतलं जवळपास सगळं आजही तसंच्या तसं उचलण्यासारखं आहे.

तर सुरुवात 'तुम्हाला कुठे बसायला आवडेल?' या प्रश्नाने करा. लोक बहुधा घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी बसतात: नव्या कपाटासमोर, मुलीच्या बक्षिसांच्या फळीखाली, हप्त्यावर घेतलेल्या टीव्हीशेजारी. उजेड वाईट असला तरी पहिला फोटो तिथेच घ्या. त्या जागेची निवड हीच त्या फोटोतली सगळ्यात खरी माहिती असते. कपडे बदलून यायचं असेल तर वाट बघा. घर आवरायला घेतलं तर अडवू नका. 'असू द्या, असंच छान आहे' असं म्हणणाऱ्या छायाचित्रकाराला बऱ्याचदा पसारा हवा असतो, आणि घरच्यांना ते बरोबर कळतं. त्याच न्यायाने तुम्हीही काही आवरू नका, उचलू नका, 'हे भांडं जरा इकडे' असं करू नका. मोकळी जागा हवी असेल तर स्वतः सरका.

'हसा' म्हणू नका आणि 'हसू नका' असंही म्हणू नका. गंभीर चेहरा म्हणजे खरेपणा ही फोटोवाल्यांची समजूत आहे. लोकांना कॅमेऱ्याकडे बघून हसावंसं वाटतं, तर तो त्यांचा फोटो आहे.

हा पहिला, त्यांच्या मनासारखा फोटो झाला की स्क्रीनवर दाखवा. मग सांगा की आता मी इथेच बसून आणखी काही फोटो घेणार आहे, तुम्ही तुमचं काम करा. हे सांगणं महत्त्वाचं. फोटो संपले असं भासवून बेसावध क्षण टिपण्याची युक्ती जुनी आहे, आणि ज्यांच्या घरात आपण पाहुणे आहोत त्यांच्याशी ती वापरू नये.

कॅमेऱ्याची उंची हा निर्णय फार लोक नकळत घेतात. जमिनीवर बसलेल्या माणसाचा उभ्याने काढलेला फोटो त्याला लहान करतो. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडं खाली या. ते जमिनीवर बसले असतील तर तुम्हीही जमिनीवर. उभ्या रेषा सरळ ठेवा. कपाट आणि दार तिरके झाले की खोली विनाकारण डळमळीत दिसते.

एकत्र कुटुंबासाठी तीन पातळ्या करा: काही जमिनीवर, काही पलंगावर, काही उभे. सगळे एका रांगेत उभे केले तर तो ओळखपत्रांचा फोटो होतो. कोण कोणाशेजारी हे त्यांना ठरवू द्या, नाती त्यातूनच दिसतात. आता खोलीचं गणित: ३५ मिमी लेन्स, फुल फ्रेम, अडीच मीटरवर फोकस. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान. एफ/२ वर साधारण २.२ ते २.८ मीटरपर्यंतच सगळं ठसठशीत येतं, म्हणजे पुढचा नीट आणि मागचा धूसर. एफ/५.६ वर तेच १.९ पासून ३.८ मीटरपर्यंत जातं आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही वाचता येतं. म्हणून कुटुंबासाठी एफ/५.६ किंवा एफ/८, फोकस पुढच्या रांगेच्या किंचित मागे, खिडकीच्या उजेडात शटर १/१२५ च्या आसपास (दिव्याखाली वर सांगितलं तेच). एफ/१.८ ची मखमली धूसरता या कामात जवळजवळ कधीच लागत नाही.

काम, विश्रांती आणि वस्तू

पोर्ट्रेट म्हणजे फक्त चेहरा धरू नका. घरी येऊनही काम संपत नाही, आणि ते काम बहुतेक घरांत बायकांकडे असतं. पगारी काम आणि बिनपगारी काम यांच्यातला सांधा शोधा: बाहेरचे कपडे बदलायच्या आधीच चुलीपाशी गेलेली आई, गृहपाठ घेताघेता भाजी निवडणारी आजी. लुईस हाइन याने १९०८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी फोटो काढले. त्यात कारखाने होतेच, पण एका टेबलाभोवती बसून कृत्रिम फुलं जोडणारी कुटुंबंही होती, लहान मुलांसकट. घर हीच कामाची जागा आहे हे तिथे एका नजरेत कळतं.

विश्रांतीचे फोटोही घ्या. झोपलेल्या माणसाचा मात्र आधी विचारून ठेवलं असेल तरच. खेळ, केस विंचरणं, भावंडांची मारामारी, फोनवर गावाकडच्यांशी बोलणं. कष्टकऱ्यांच्या घरात आनंद दाखवला की फोटो हलका होतो असं समजणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माणसांशिवायच्या खोल्या, खुंटीवरचे कामाचे कपडे, दाराशी ठेवलेले बूट, डबा, अवजारं यांचेही फोटो घ्या, पण त्यांच्या मालकांना त्याबद्दल विचारून. फ्रेम घेताना काय येतंय ते एकदा कडेकडेने बघा: औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेची पुस्तकं, ओळखपत्रं, शाळेचं नाव असलेला गणवेश, घराचा क्रमांक. हे तिथल्या तिथेच चौकटीबाहेर ठेवा. अंघोळीचे, कपडे बदलतानाचे मुलांचे फोटो कितीही निरागस वाटले तरी घेऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एखादा कॅमेरा घरच्यांच्याच हाती द्या. छायाचित्रकार लाटोया रूबी फ्रेझियर यांनी अमेरिकेतल्या ब्रॅडॉक या पोलादाच्या गावातल्या आपल्याच कुटुंबाचे फोटो काढले, आणि त्यांच्या आईने त्यांचे. त्यामुळे त्या कामात बघणारा आणि बघितला जाणारा अशी फाळणी उरत नाही. तुम्ही परके असाल तर एवढी जवळीक येणार नाही, पण घरातल्या मुलीने काढलेल्या आजीच्या फोटोत आजी वेगळीच दिसते, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

त्याच रात्री लिहायच्या नोंदी

१९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे डोरोथिया लँग यांनी तंबूत मुलांना घेऊन बसलेल्या एका शेतमजूर आईचे फोटो काढले. त्यातला एक जगभर पोचला. लँग यांनी तिचं नाव लिहून घेतलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, आणि तोवर ती बाई त्या फोटोबद्दल नाराज होती. हाइनची शिस्त याच्या उलट होती. तो मुलांची नावं, वयं, कमाई लिहून ठेवायचा, आणि त्यांची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून बघायचा.

घरी पोचल्यावर, झोपायच्या आधी, लिहा: नाव (ते स्वतः सांगतात तसं), वय, काम (ते स्वतः त्याला जे म्हणतात तेच), कोणाचं कोण, कोणती पाळी, फोटोच्या क्षणी काय चाललं होतं. त्यांचं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहा, आणि ते वापरायच्या आधी त्यांना वाचून दाखवा.

फोटोखालची ओळ साधी असू द्या. 'दारिद्र्याशी झुंजणारी माता' ही ओळ काहीच सांगत नाही, वर त्या बाईला एका शब्दात बंद करते. 'सकाळची पाळी संपवून आल्यावर मुलीचा गणवेश दुरुस्त करताना. गिरणीत सुतकताईच्या खात्यात अकरा वर्षं.' ही ओळ माणूस दाखवते. विशेषणं काढा, क्रियापदं ठेवा.

निवड त्यांच्यासमोर

संगणकावरच्या दुरुस्त्या कमीत कमी. एक्स्पोजर, रंगाचा तोल, सरळ रेषा, एवढंच. सुरकुत्या आणि भिंतीवरचे ओरखडे कोरून काढणारे क्लॅरिटीसारखे स्लायडर या विषयाला फार वाईट. त्यांनी थकवा खोटा वाढतो. वस्तू पुसू नका. लँग यांच्या त्या प्रसिद्ध फोटोतला कोपऱ्यातला अंगठा पुढे निगेटिव्हवर पुसट केला गेला, आणि त्यावरून त्यांचे वरिष्ठ नाराज झाले होते. वास्तव नोंदवणाऱ्या छायाचित्रणात एवढीशी गोष्टही प्रश्न उभा करते.

रंगीत की कृष्णधवल? मी रंगीतकडे झुकतो. भिंतीचा गुलाबी किंवा पोपटी रंग कोणीतरी निवडून, पैसे साठवून लावलेला असतो. तो काढून टाकला की आजचं घर उगाचच जुन्या काळातलं दिसतं.

मग तीस-चाळीस छोट्या प्रिंट काढून त्या घरच्यांसमोर पसरा. स्क्रीनवर दाखवू नका. जमिनीवर पसरलेल्या प्रिंट सगळे एकदम बघतात, आजीसुद्धा. कोणता फोटो नको ते काढून ठेवायला सांगा, कारण विचारू नका. मग कोणते आवडले ते विचारा आणि तिथे मात्र कारण ऐका, कारण पुढच्या भेटीची दिशा त्यातून मिळते. तुम्हाला अतिशय प्रिय असलेली एखादी फ्रेम हमखास नकोच्या ढिगात जाईल. ती जाऊ द्या.

प्रिंट, साठवण आणि पुढची भेट

प्रत्येक मोठ्या माणसाला निदान एक १३ × १८ सेंटिमीटरची प्रिंट, कुटुंबाला एक मोठी आणि फ्रेम केलेली. वेगळी राहणारी मुलगी, कामासाठी लांब गेलेला भाऊ यांच्यासाठी जादा प्रती मागतील, त्या आनंदाने द्या. मूळ फाइल्सच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. इंटरनेटवर टाकायच्या प्रतींतून जीपीएसची नोंद काढून टाका, नाहीतर फोटोबरोबर घराचा पत्ताही जातो. होकाराचे कागद आणि आवाजाच्या फाइल्स फोटोंच्याच फोल्डरमध्ये, पण कुलूपबंद.

प्रदर्शन किंवा प्रकाशन ठरलं की लोकांआधी कुटुंबाला कळवा. कुठे, कधी, कोणते फोटो, खाली काय लिहिलंय. उद्घाटनाला बोलवायचं असेल तर पाळी बघून वेळ ठरवा आणि जायच्या-यायच्या खर्चाची सोय करा.

रोगोविनने बफेलोच्या लोअर वेस्ट साइड भागातल्या लोकांचे १९७२ पासून फोटो काढले आणि त्याच माणसांकडे तो दशकांच्या अंतराने पुन्हा पुन्हा गेला. त्या फोटोंत मुलं आईबाप झालेली दिसतात, काही माणसं नसतात, काही घरं बदललेली असतात. तुम्हालाही असं परत जायचं असेल तर पहिल्या वेळीच तयारी ठेवा. कोणती लेन्स, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर, माणसापासून किती अंतरावर, कोणत्या खिडकीकडे तोंड, कोणती वेळ, हे वहीत त्या नकाशाशेजारी लिहा. जाताना मागच्या प्रिंट बरोबर न्या, त्याच जागी बसायचं का ते विचारा, आणि त्यांनी या वेळी दुसरी जागा निवडली तर ती जुन्या जागेशेजारी वहीत नोंदवून ठेवा.